हॉस्पिस निवडताना: कधी विचारायचं, काय पाहायचं, घरी काय तयारी लागते

"आता घरी न्या आणि सेवा करा." मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असं सांगितलं की बहुतेक घरची मंडळी फाइल उचलतात आणि निघतात. काही दिवसांनी मध्यरात्री दुखणं असह्य होतं किंवा दम लागतो, मग अ‍ॅम्ब्युलन्स, पुन्हा तीच कॅज्युअल्टी, पुन्हा त्याच रक्ततपासण्या. ही फेरी टाळायची तर त्याच खोलीत, डिस्चार्जच्या आधी, डॉक्टरांना चार गोष्टी विचारून घ्या. हातात साधारण किती वेळ आहे: महिने, आठवडे की दिवस? ह्या आजारात पुढे कोणता त्रास होण्याची शक्यता जास्त: वेदना, दम, रक्तस्राव, फिट, की पोटात पाणी होणं? तो त्रास रात्री दोन वाजता झाला तर काय द्यायचं आणि फोन कोणाला करायचा? आणि पॅलिएटिव्ह केअर विभागाच्या नावाने चिठ्ठी मिळेल का? नेमकी तारीख कोणीच सांगू शकत नाही, पण "महिने की आठवडे" ह्याचं उत्तर अनुभवी डॉक्टर बहुधा देतात. फक्त ते आपणहून देत नाहीत, विचारावं लागतं.

पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे त्रास कमी करणारे उपचार. ते केमो, रेडिएशन किंवा डायलिसिस चालू असतानाही घेता येतात आणि घ्यावेत. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावरचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक ११.६ महिने होता (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले), इतरांचा ८.९. "पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले" ह्या समजाला एवढं उत्तर पुरे.

हॉस्पिस हा त्याचाच शेवटचा टप्पा. आजार बरा करण्याचे उपचार थांबलेले असतात आणि सगळं लक्ष वेदना, श्वास, झोप, स्वच्छता आणि माणसाच्या इच्छांवर असतं. हॉस्पिसमध्ये मृत्यू लवकर आणला जात नाही आणि ओढूनताणून लांबवलाही जात नाही. इच्छामरणाशी त्याची गल्लत करू नका.

इंटरनेटवर वाचलेली किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांनी सांगितलेली "सहा महिन्यांची अट" तिथल्या मेडिकेअरची आहे. तिथे दोन डॉक्टरांनी आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरल्याचं लिहून दिलं की हॉस्पिसचा खर्च सरकारी विम्यातून मिळतो. आपल्याकडे असा नियम नाही. प्रत्येक संस्थेचे दाखल करून घेण्याचे निकष वेगळे असतात, ते तिलाच विचारायचे.

कधी विचार सुरू करायचा

बहुतेक घरं उशीर करतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत हॉस्पिसला फोन केला तर जागा मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी रुग्णवाहिकेतला प्रवासच रुग्णाला झेपत नाही. खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी दिसू लागल्या की चौकशीला लागा:

- दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जातो, अंघोळीला आणि संडासला आधार लागतो.
- दोन-तीन महिन्यांत दोनदा-तीनदा अ‍ॅडमिट करावं लागलं, आणि प्रत्येक वेळी माणूस आधीपेक्षा खचून घरी आला.
- खाणं आणि वजन सतत घटत चाललंय.
- केमोची पुढची लाइन (आधीची औषधं चालेनाशी झाल्यावरची वेगळी औषधं) सुचवताना डॉक्टरच कचरतात.
- रुग्ण स्वतःच म्हणतो, "आता पुरे."

हे फक्त कर्करोगाला लागू नाही. हृदय निकामी होत जाणं, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट, दम लावणारा आजार), डायलिसिस थांबवण्याचा निर्णय, मोटर न्यूरॉनचा आजार (नसा निकामी होऊन स्नायू दुबळे होत जाणं), पुढच्या टप्प्यातला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), ह्या सगळ्यांत ही सेवा लागते. अडचण अशी की आपल्याकडची बरीच हॉस्पिस फक्त कर्करुग्णांना घेतात. पहिल्या फोनवरच आजाराचं नाव सांगा, फेरा वाचेल.

पर्याय कोणते

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतलं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू झालं. गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही त्याच्या शाखा आहेत. पुढच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांना तिथे मोफत ठेवतात. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, तेही मोफत. तिथे रुग्णासोबत घरच्या माणसालाही राहता येतं, आणि सेवा कशी करायची हे शिकवून अनेक रुग्णांना घरी पाठवतात. म्हणजे हॉस्पिसमध्ये गेलेला माणूस परत येतच नाही, हेही खरं नाही. दुखणं आटोक्यात आणण्यासाठी थोडे दिवस दाखल व्हायचं आणि घरी यायचं, असाही वापर होतो. नागपुरात कर्करुग्णांसाठी स्नेहांचल आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मुंबईत घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थाही आहेत.

गावाकडच्यांनी जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, महाराष्ट्राने २०१२ मध्ये. अनेक जिल्हा रुग्णालयांत ह्या सेवेसाठी नेमलेले डॉक्टर आणि नर्स असतात. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर नेमकं कोणाला भेटायचं ते कळतं. तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडिया ह्या संस्थेच्या संकेतस्थळावर राज्यवार केंद्रांची यादी आहे, तिथून जवळचं केंद्र शोधता येतं.

घर की हॉस्पिस, हा प्रश्न भावनेपेक्षा माणसांच्या संख्येने सोडवावा. घरी ठेवायचं तर दिवसा एक आणि रात्री दुसरं, अशी आलटून-पालटून दोन माणसं लागतात, शिवाय आठवड्यातून एकदा त्यांना सुट्टी देणारं तिसरं. पंचाहत्तरीची बायको एकटीने ऐंशीच्या नवऱ्याला कुशीवर वळवते आहे, असं असेल तर पहिल्या महिन्यात तिचीच पाठ जाते. अशा घराने हॉस्पिस निवडलं की आईवडिलांना "कुठेतरी टाकलं" म्हणणारे नातेवाईक असतातच. त्यांना रात्रपाळीचं वेळापत्रक द्या, नाव लिहायला सांगा.

भेट द्यायला जाल तेव्हा

रुग्णाला न घेता, सगळी कागदपत्रं घेऊन, आधी दोघांनी जाऊन यावं. इमारत, बाग, देव्हारा सगळं पाहा, पण निर्णय तीन उत्तरांवर घ्या.

एक, मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं मुख्य औषध, आहे का? त्या संस्थेला ते ठेवण्याची मान्यता आहे का, साठा कधी संपतो का, आणि घरी नेण्यासाठी किती दिवसांचं देतात?

दोन, रात्री कोण असतं? डॉक्टर रात्री हजर असतो की फोनवर? घरी येणारी सेवा असेल तर आठवड्यातून किती भेटी, रविवारी आणि सणाच्या दिवशी काय, फोन कोण उचलतं? "चोवीस तास सेवा" असं पत्रकावर छापलेलं असतं. तो नंबर एकदा रात्री अकरानंतर लावून पाहा.

तीन, मृत्यू झाल्यावर दाखला कोण देणार? घरच्या सेवेत हा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो. त्याबद्दल पुढे.

ह्याशिवाय: घरचं माणूस रात्री सोबत राहू शकतं का, नातवंडांना येऊ देतात का, घरचा डबा चालतो का, नळीने अन्न चालू असलेला किंवा ट्रेकिऑस्टॉमी केलेला (श्वासासाठी गळ्यात छिद्र पाडून नळी बसवलेला) रुग्ण घेतात का, एका नर्सकडे किती रुग्ण असतात. वॉर्डात गेल्यावर नाक वापरा. जखमांचा आणि लघवीचा जुनाट वास येत असेल तर मनुष्यबळ कमी आहे हे समजा. रुग्णांची तोंडं आणि ओठ कोरडे, भेगाळलेले दिसतात का तेही पाहा. तोंडाची निगा नीट असेल तर बाकीचीही बहुधा असते.

पैसे घेणाऱ्या ठिकाणी रोजच्या दरात काय येतं ते लिहून घ्या. डायपर, ऑक्सिजन, ड्रेसिंग, खासगी आया ह्यांचं बिल वेगळं लागून आकडा फुगतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसी बहुधा रुग्णालयात दाखल करून केलेल्या सक्रिय उपचारांना धरून असतात. हॉस्पिस किंवा घरची सेवा त्यात बसते का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

मॉर्फिनची भीती

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त हाल ह्याच गैरसमजामुळे होतात. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन स्वस्त आहे, जुनं आहे आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचं मुख्य औषध आहे. वेदनेसाठी योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर व्यसनाचा धोका फार कमी असतो आणि आयुष्यही त्याने घटत नाही. "ते शेवटी ठेवू, आत्ताच दिलं तर नंतर उपयोग होणार नाही" हे चुकीचं आहे. मॉर्फिनला ठरावीक कमाल मर्यादा नाही, दुखणं वाढलं की मात्रा वाढवता येते. मर्यादा आहे ती ट्रॅमाडॉल ह्या दुसऱ्या वेदनाशामकाला: दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही.

२०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह सहा आवश्यक औषधांसाठीच्या परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. तरीही ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळतं. पुढच्या खेपेचं औषध चार-पाच दिवसांचा साठा शिल्लक असतानाच आणा. मूळ चिठ्ठी, रुग्णाचं ओळखपत्र आणि आणणाऱ्याचं ओळखपत्र सोबत ठेवा.

साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळावर द्यायची, दुखायची वाट पाहायची नाही. नेहमीचं वेळापत्रक सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असं असतं. रात्री १० ला बहुधा दुप्पट मात्रा सांगतात, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. मधेच दुखलं तर जादा डोस लागतो, तो साधारणपणे दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग: दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १०. तुमच्या रुग्णाचे आकडे डॉक्टरच ठरवतील. तुमचं काम म्हणजे वहीत वेळ, डोस आणि शून्य ते दहामध्ये दुखणं किती, हे लिहिणं. जादा डोस दिवसात तीन-चारदा लागू लागला तर मूळ मात्रा वाढवायची वेळ आली, हे त्या वहीतून डॉक्टरांना लगेच दिसतं.

बिघडतं कुठे? पहिलं, बद्धकोष्ठ. मॉर्फिनवर ते जवळजवळ प्रत्येकाला होतं आणि आपोआप जात नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच सोनामुखी किंवा बायसाकोडिलसारखं रेचक सुरू हवं. इसबगोल देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात ते घट्ट बसतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करा. दुसरं, सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती बहुधा ओसरते. इथेच घाबरून घरची मंडळी औषध बंद करतात आणि दुखणं दुपटीने परततं. तिसरं, मूत्रपिंडं कमजोर असतील तर औषध शरीरात साठतं. हातापायांना झटके, भलतंच काही दिसणं, न उठणारी झोप, श्वास फार संथ होणं, ह्यापैकी काही दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी लगेच डॉक्टरांना फोन करा. चौथं, हळूहळू सुटणारी गोळी कुटून दिली की सगळं औषध एकदम अंगात जातं. गिळता येत नसेल तर तसं सांगा, दुसरा मार्ग असतो. फेंटानिल ह्या वेदनाशामकाच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीचा पूर्ण परिणाम व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो आणि ती साधारण तीन दिवस चालते. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, औषध झपाट्याने शोषलं जातं.

दम लागत असेल तर कमी मात्रेतलं मॉर्फिन त्यावरही काम करतं. टेबलफॅनचा झोत चेहऱ्यावर सोडणं हा तर बिनखर्चाचा आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. ऑक्सिजनचं प्रमाण कमी झालेलं नसेल तर कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणून फार फरक पडत नाही.

घरी ठेवायचं ठरलं तर

खोली संडासाजवळची आणि खिडकीची. पलंग शक्यतो डोकं वर करता येणारा, भाड्याने मिळतो. हवा भरणारी, आलटून-पालटून फुगणारी गादी आणा, पण ती आणली म्हणून कूस बदलणं थांबवू नका. दर दोन तासांनी उजवी, पाठ, डावी. माकडहाड, टाचा, खुबे आणि कान रोज पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा झाला नाही तर शय्याव्रणाची ती सुरुवात. तिथे चोळू नका, पावडर-स्पिरिट लावू नका, हवेची गोल चकतीही ठेवू नका. तिच्या कडांवर दाब येऊन रक्तपुरवठा आणखी कमी होतो. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी घाला. जखमेला दुर्गंधी येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून ड्रेसिंगमध्ये वापरतात. वास दोन-तीन दिवसांत बराच उतरतो आणि माणसं पुन्हा जवळ बसू लागतात.

ब्युरोकडून मावशी किंवा दादा घेताना ते शिकलेली नर्स आहेत की काळजीवाहू, हे स्पष्ट विचारा. लघवीची नळी घालणं, इंजेक्शन देणं ही काळजीवाहूची कामं नाहीत. बारा तासांच्या पाळीत त्यांचं जेवण, झोप आणि बदली माणूस कोण देणार हे पहिल्याच दिवशी ठरवा, तिसऱ्या दिवशी वाद होतो तो ह्यावरूनच.

खाण्यावरून घरात जितके ताण होतात तितके औषधांवरून होत नाहीत. "चार घास खा, ताकद येईल" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण शेवटच्या आठवड्यांत शरीरच अन्न वापरत नाही. माणूस खात नाही म्हणून जात नसतो, जात असतो म्हणून खात नाही. दोन चमचे पेज, खिमट, आवडीचं आइस्क्रीम, मागेल ते आणि मागेल तेवढं. भरवताना डोकं वर हवं, आणि झोपेत असलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनळीत जातं. सलाइनचा आग्रहही असाच. शेवटच्या दिवसांत शिरेतून दिलेलं पाणी बहुधा हातापायांवर सूज आणतं आणि छातीतला घरघराट वाढवतं. तोंडाला कोरड पडली असेल तर त्यावर उपाय तोंडाचीच निगा: दर दोन तासांनी ओला कापूस, बर्फाचा छोटा तुकडा, ओठांना व्हॅसलिन.

कागद

फाइलमध्ये सगळ्यात वर एक पान ठेवा: निदान, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, पॅलिएटिव्ह टीमचा नंबर आणि "छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवन नको, व्हेंटिलेटर नको" असा निर्णय झाला असेल तर डॉक्टरांच्या सहीची तशी नोंद.

रुग्ण शुद्धीवर आणि निर्णयक्षम असतानाच वैद्यकीय इच्छापत्र (पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन स्वतंत्र साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून जास्त जवळच्यांची नावं त्यात घाला. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. रुग्णालयात जीवरक्षक यंत्रणा न लावण्याचा किंवा काढण्याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांकडून जातो. घरी किंवा हॉस्पिसमध्ये वेदनाशमन घ्यायला अशी कुठलीही परवानगी लागत नाही.

आता दाखल्याचं. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरांनी नमुना ४अ मध्ये कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि कायद्याने ते विनाशुल्क आहे. शहरातल्या स्मशानभूमीत ते मागतात. पण महिनोन्‌महिने रुग्णाला न पाहिलेले डॉक्टर सही करायला नाखूश असतात. म्हणून ज्यांच्याकडून दाखला हवा त्यांची भेट नियमित होत राहील असं पाहा, आणि "रात्री झालं तर कोण येणार" हे आधीच विचारून ठेवा. पडून हाड मोडल्यासारखा अपघात मृत्यूमागे असेल तर पोलिसांना कळवावं लागू शकतं, हेही डॉक्टरांशी आधी बोला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची.

रुग्णाला सांगायचं का, आणि परदेशातला मुलगा

बहुतेक रुग्णांना अंदाज असतोच. सगळं एकदम सांगायची गरज नाही. "आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे?" असं विचारून तो थांबेल तिथे थांबावं. पासवर्ड, बँकेतलं नामनिर्देशन, कोणाशी अबोला आहे, कुठे जाऊन यायचंय, हे बोलायला त्यातून वाट मिळते.

रोज सेवा करणाऱ्या सुनेने सगळं मान्य केलेलं असतं आणि अमेरिकेतून किंवा बंगळुरूहून उतरलेला मुलगा म्हणतो, "आयसीयूत हलवा." हा राग नसतो, अपराधीपणा असतो. त्याला विमानात बसायच्या आधीच व्हिडिओ कॉलवर पॅलिएटिव्ह डॉक्टरांशी बोलायला लावा. घरातून डॉक्टरांशी बोलणारं एकच माणूस ठरवा, बाकीच्यांनी त्याच्याकडून ऐकायचं.

शेवटचे दिवस

झोप वाढते, लघवी कमी आणि गडद होते, हातपाय गार पडतात, त्वचेवर निळसर जाळी दिसते, श्वासात मोठे खंड पडू लागतात. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण त्या अवस्थेतल्या माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर करा. सक्शनची (कफ ओढून काढणारी) नळी घालून उगाच चिवडू नका. गिळणं बंद झाल्यावर वेदनेचं औषध थांबवायचं नसतं. ते त्वचेखाली बारीक सुई ठेवून देता येतं, आणि ती सोय टीमने आधीच करून ठेवायला हवी. गंगाजल-तुळशीपत्र द्यायचं असेल तर ओठ ओले होतील एवढंच. ऐकू येत असतं असं धरून बोला.

ह्या क्षणी घाबरून १०८ ला फोन केला की पुढचं सगळं रुग्णालयाच्या पद्धतीने होतं. म्हणून हॉस्पिसचा नंबर भिंतीवर, मोठ्या अक्षरांत.

मृत्यूनंतर घाई नसते, एक गोष्ट सोडून. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला कळवा. कर्करोग झालेल्यांचेही डोळे बऱ्याचदा चालतात, रक्ताच्या कर्करोगात नाही. नंतर उरलेलं मॉर्फिन मोजून केंद्रात परत करा, शेजारच्या रुग्णाला देऊ नका. पलंग, गादी, कॉन्सन्ट्रेटर भाड्याचे असतील तर त्याच दिवशी कळवा, भाडं चालू राहतं. सेवा करणारं माणूस महिनाभरानंतरही झोपत नसेल, जेवत नसेल तर हॉस्पिसच्या समुपदेशकाला पुन्हा फोन करा. चांगली केंद्रं घरच्यांसाठी ही सेवा देतात. तसं केंद्र जवळ नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.